राहाटाचं पहिलं पाणी

सकाळी तोंड धुतलं की पीटर आधी विहिरीवर जाई. पोहरा सोडायचा, ओढायचा, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन जरा खेळवायचं आणि मग गिळायचं. घरात नळ आला त्याला जमाना झाला. त्याची मुलगी सँड्रा चहापासून भातापर्यंत सगळं नळाच्या पाण्यावर करी. विहीर उरली होती ती पंपाला, केळींना आणि पानवेलींना. पण पीटरची सकाळची ओंजळ काही सुटली नाही. बायको होती, ज्युली, तेव्हा ती म्हणायची, "लोक उठल्यावर देवाचं नाव घेतात, आमचा नवरा विहिरीची चव घेतो." ज्युलीला जाऊन बरीच वर्षं झाली. ओंजळ तेवढी राहिली.

त्या वर्षी पाऊस लवकर आवरला. दिवाळी उलटली आणि एका सकाळी पीटरची जीभ थबकली. मीठ. अगदी बारीक, चुकून हात लागल्यासारखं. त्याला वाटलं आपल्याच तोंडाची चव गेली असेल, वयाला काय होत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दात घासायच्या आधी पाणी प्यायलं. मीठ होतंच. नाताळात शेजारीपाजारी करंज्यांची ताटं फिरत होती आणि हा गडी विहिरीच्या काठावर बसून थुंकत होता. विहीर मचूळ झाली होती.

आता कुणी म्हणेल, झाली तर झाली, प्यायला नळ आहे ना? अशा माणसाने एकदा वसईजवळच्या वटार गावी येऊन राहावं. इथे माणसाची किंमत त्याच्या विहिरीवरून करायची रीत. पोरगी द्यायची तर आधी सोयऱ्याच्या घरचं पाणी पिऊन यायचं, मग बाकीची बोलणी. आणि राहाटाचा तर नियमच होता, वाडवडिलांनी घालून दिलेला. राहाट फिरवायचा तो गोड्या पाण्यावर. विहीर मचूळ झाली की राहाट उतरवायचा, खाऱ्या पाण्यावर फिरवला तर जमीन रुसते.

गावात उभा राहिलेला शेवटचा राहाट पीटरच्या विहिरीवर होता. पंप आले तेव्हा लोकांनी आपापले राहाट फोडून चुलीत घातले. पीटरच्या बापाने मात्र चाक, दाते, आस, सगळं सोडवून माळ्यावर चढवलं. "पंपाला वीज लागते, ह्याला फक्त हाल्या लागतो," एवढंच तो म्हणाला. हाल्या म्हणजे रेडा. बाप गेला, राहाट माळ्यावर झोपून राहिला. पुढे गावातल्या पोरांनी दर जानेवारीत वारसा महोत्सव भरवायला सुरुवात केली, तेव्हा सँड्राने तो खाली काढायला लावला. गावात त्या महोत्सवाला नुसतं 'वारसा' म्हणतात. तांदळाची भाकरी, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, घुमट वाजवणारे म्हातारे, लाल लुगड्यातल्या बाया, सगळं असतं. पण पाहुणे विचारत येतात ते राहाट कुठंय म्हणून. आणि त्या दिवसाची सुरुवात होते पहिल्या पाण्याने. राहाटाने वर काढलेलं पहिलं पाणी आधी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने प्यायचं, मग राबणाऱ्या सगळ्यांनी, मगच कामाला हात लावायचा.

म्हणजे पीटर का घाबरला होता ते कळलं असेल. पाणी ओठाला लागलं की गावाला कळणार. गावाला कळलं की राहाट उतरणार, आणि तो पुन्हा माळ्यावर चढवायला पीटरच्या अंगात आता ताकद नव्हती. वारसा दुसऱ्याच्या वाडीत जाणार. मग ह्या वाडीत उरणार काय? केळी, पंप आणि एक म्हातारा.

त्याने जमतील ते उपाय केले. जांभळीचं लाकूड पाण्यात सोडलं, लाकूड गोडवा आणतं म्हणतात म्हणून. गाळ काढला. एक मेणबत्ती सेंट अँथनीला लावली. पंप कमी चालवला. पानवेलींच्या पानांच्या कडा करपायला लागल्या तेव्हा सँड्राने विचारलं, "पप्पा, पानांना काय झालंय?"

"थंडीनं," पीटर म्हणाला.

वसईची थंडी ती काय आणि तिने पान करपावं काय. पण सँड्रा शाळेत शिकवून आली की स्वयंसेवकांच्या मागे असायची. तिने करपलेलं पान खुडलं आणि ती कामाला लागली.

शाळेच्या पडवीत बैठक झाली. कुणीतरी विषय काढला की गर्दी वाढत चाललीय, गाड्या लावायला जागा पुरत नाही, पुढच्या वर्षी वारसा रॉबर्टच्या वाडीत न्यावा का. पीटर खाली मान घालून बसला. रॉबर्ट त्याच्या बरोबरीचा, बांधाला बांध लागलेला. ह्या रॉबर्टने सुरुवातीपासून हट्ट धरला होता की राहाट माझ्या विहिरीवर लावा, माझ्या विहिरीचं पाणी उसासारखं. दोघांचं त्यावरून एकदा इतकं वाजलं होतं की सबंध लेंटभर, उपासाचे चाळीस दिवस, बोलणं बंद. आता रॉबर्ट उडी मारणार, पीटरला वाटलं.

रॉबर्ट मान हलवत म्हणाला, "नको. माज्याकडं कुत्रा चावरा हाय."

"कुत्रा बांधता येईल ना अंकल," कुणीतरी म्हणालं.

"माजे गुडघे पन दुखतात. नि माज्या बायकोला धूळ सोसत नाय. पीटरकडंच बरं हाय."

पीटरने वर पाहिलं. रॉबर्ट खिडकीबाहेर बघत होता. हा माणूस आपल्यासाठी मागे सरला, असं पीटरला वाटलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं आपण ह्याला शिव्या घातल्या. घरी जाताना दोघं बांधापर्यंत बरोबर चालले.

मग कामाचे दिवस सुरू झाले. वाडीत सकाळपासून माणसांची ये-जा. नारळाच्या झावळ्या भिजत घालायच्या, विणून झाप करायचे, बांबू पुरायचे, अंगण चोपायचं. पोरं ऑफिसला सुट्टी टाकून यायची. विरारहून क्षितिजा नावाची एक मुलगी यायची. टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणारी, आईबाप कोल्हापूरकडचे. मागच्या वर्षी पाहुणी म्हणून आली होती, ह्या वर्षी थेट कामालाच. झाप विणून तिच्या बोटांना फोड आले. कमळीबायने तिच्या हातातली झावळी काढून घेतली, फोडांवर खोबरेल चोळलं आणि झावळी परत हातात दिली.

"दुखतंय तर सोडू का आजी?" क्षितिजाने विचारलं.

"सोडायला दिली का मी परत?" कमळीबाय म्हणाली.

ही कमळीबाय म्हणजे गावातलं सगळ्यांत जुनं माणूस. तिची वाडी देवळाच्या मागे. पाठीला बाक आलेला, पण जीभ अजून सरळ. गेली काही वर्षं पहिलं पाणी तीच पीत होती. नारळ फोडायची, डोळे मिटून ओंजळ प्यायची आणि म्हणायची, "गोड हाय, चालू द्या." त्या चार शब्दांवर वारसा सुरू व्हायचा. पीटरला रोज ते शब्द ऐकू यायचे. कमळीबाय खोटं बोलणारी नव्हती. लग्नाच्या जेवणात मीठ जास्त पडलं तर नवरीच्या बापासमोर सांगणारी बाई ती.

राहाटाची माळ बांधायचं काम पीटरचं. काथ्याच्या दोन दोरांमध्ये एकेक गाडगं बसवायचं, पीळ घालायचा, गाठ मारायची. दुपारी जांभळीखाली बसून तो गाठी मारत राही. माडांमधून वारा यायचा, मोगऱ्याचा वास यायचा, आणि डोळ्यांवर झापड यायची. मग राहाट आपोआप फिरायला लागायचा. कुई, कुई, अशी आस बोलायची. हाल्याला जुंपलेल्या आडव्या लाकडावर, लाटेवर, ज्युली बसलेली असायची, लाल लुगडं, पाय सोडलेले, पुढे हाल्या संथ चालतोय आणि ती त्याला काहीतरी गाऊन दाखवतेय. शब्द कळायचे नाहीत. गाडगी भरून वर यायची, लाकडी पन्हळीत, डोणीत, रिकामी व्हायची, पुन्हा खाली जायची. पाणी पाटातून केळींकडे निघालेलं. पीटर त्या पाटात पाय बुडवून बसलेला, आणि पाणी किती थंड, किती थंड. जाग आली की हातात अर्धी गाठ असायची आणि उन्हाची तिरीप पायावर आलेली. त्याला रडू यायचं. म्हातारा माणूस, भरदुपारी जांभळीखाली रडायचा आणि बाहीने नाक पुसायचा.

अशाच एका दुपारी त्याला कल्पना सुचली. त्याने चांदीपच्या कृष्णाला फोन लावला. कृष्णा पूर्वेकडचा, डोंगराच्या पायथ्याचा भातशेतीवाला. वटारला हाल्या उरला नव्हता, म्हणून दर वर्षी कृष्णा आपला हाल्या टेम्पोत घालून आणायचा. नांगराला जुंपला जाणारा तो प्राणी, त्याला गोल फिरणं ठाऊक नाही. पहिल्या वर्षी तो सरळ चालत जाऊन केळीत शिरला होता.

"कृष्णा, तुज्या विहिरीचं पानी कसं हाय?" पीटरने विचारलं.

"आमच्याकडं डोंगराचं पानी, पीटरभाऊ. खडीसाखर. का बरं?"

"येताना दुधाच्या कॅनांत भरून आन. नि कोनाला सांगू नको."

कृष्णाने विचारलं, "हाल्याला पाजायला का?"

"हाल्याला नाय. मला."

बेत साधा होता. डोणीच्या तोंडाखाली मोठा रांजण असायचा. पहिलं पाणी त्यात पडायचं आणि त्यातूनच सगळे प्यायचे. रांजण आधीच चांदीपच्या पाण्याने भरून ठेवायचा. वरून राहाटाचं पडेल ते पडेल थोडं, जाईल मिसळून. कमळीबाय पिईल, म्हणेल गोड हाय, आणि एक वर्ष निभेल. पुढच्या वर्षी कदाचित पाऊस चांगला होईल. कदाचित पीटरच नसेल. चोरीच ती, पण स्वतःच्याच विहिरीवर पाणी आणून ओतायची चोरी.

वारशाच्या दिवशी उजाडता उजाडता टेम्पो आला. धुकं वाडीत गुडघाभर साचलेलं. हाल्या खाली उतरला आणि धुक्यात तोंड घालून उभा राहिला. पीटरने आणि कृष्णाने कॅन काढले आणि कुणी उठायच्या आत रांजण काठोकाठ भरला. पीटरने एक ओंजळ प्यायली. इतकं गोड पाणी कितीतरी दिवसांनी घशाखाली उतरत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पीटरभाऊ, तुमची विहीर..." कृष्णाने विचारायला तोंड उघडलं.

"बोलू नको," पीटर म्हणाला.

तो घरात गेला. दाढी केली. ट्रंकेतून पांढरा सदरा काढला, ज्युलीने इस्त्री करून ठेवावा तसा घडीचा. सदरा घालून, केस पाण्याने बसवून तो बाहेर आला तेव्हा धुकं विरलं होतं आणि अंगणभर ओल्या मातीचा वास सुटला होता. चोपलेलं अंगण कसं छान काळसर ओलं दिसत होतं. झापांखालून, पाहुण्यांच्या वाटेवरून, पार रस्त्यापर्यंत सडा पडलेला. स्वयंसेवक पोरं आली होती. क्षितिजा बादली हातात घेऊन हसत उभी होती.

"अंकल, धूळ खूप उडत होती. हा मोठा माठ भरलेला होता ना, तेच पाणी मारलं. आणि मग आतून घासून ठेवला, पहिलं पाणी त्यात घेतात ना? तुम्हाला त्रास नको म्हणून."

रांजण धुऊन, पुसून, डोणीखाली जागच्या जागी ठेवलेला होता. पीटरने आत वाकून पाहिलं. तळाला थेंब नव्हता.

"बरं केलंस," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पोरीने मन लावून काम केलं होतं. सडाही सुरेख पडला होता, एक कोपरा सुकला नव्हता. कृष्णाने दुरून पीटरकडे पाहिलं आणि हाल्याच्या डोळ्यांवर झापड बांधायला लागला.

माणसं जमली. फादर आले, त्यांनी प्रार्थना म्हटली आणि राहाटावर पवित्र पाणी शिंपडलं. कमळीबायने कठड्यावर नारळ फोडला. घुमटावर थाप पडली. कृष्णाने हाल्याला टिचकी दिली, हाल्या सरळ निघाला, अडला, आठवल्यासारखा वळला आणि गोल फिरू लागला. आस बोलली. कुई, कुई. पीटरने डोळे मिटले. त्याला वाटलं, हे स्वप्नच असावं. आता जाग यावी आणि हातात अर्धी गाठ असावी. पण गाडगी वर आली, डोण भरली आणि पाणी रांजणात पडायला लागलं.

कमळीबायने ओंजळ धरली. सँड्राने तांब्याने पाणी घातलं. म्हातारी प्यायली. डोळे मिटलेले तसेच राहिले. सगळे थांबले. पीटरने कठडा धरला.

"गोड हाय," कमळीबाय म्हणाली. "चालू द्या."

पीटरला आपल्या कानांवर विश्वास बसेना. मग रॉबर्ट पुढे आला. घोट घेतला, मिशी पुसली. "गोड," तो म्हणाला आणि पटकन बाजूला झाला. फादर प्यायले, मान हलवली. एकेक माणूस येत गेला, पीत गेला, गोड म्हणत गेला. कुणी पीटरच्या तोंडाकडे बघत नव्हतं. पीटरला वाटायला लागलं, विहीर खरंच सुधारली की काय. सेंट अँथनीने ऐकलं की काय.

मग क्षितिजा प्यायली. तिने तोंड वाकडं केलं, पुन्हा एक घोट घेतला आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, "सँड्रा मॅडम, हे थोडं खारट लागतंय ना?"

घुमट थांबलं. हाल्या तेवढा चालत राहिला. सँड्रा तांब्या हातात धरून बापाकडे बघू लागली. पीटरचा पांढरा सदरा पाठीला चिकटला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"खारटच हाय," पीटर म्हणाला. आवाज फाटला होता. "दिवाळीपासनं. मी कोनाला बोललो नाय. रांजनात चांदीपचं गोड पानी भरलं होतं तुमाला फसवायला. ते ह्या पोरीनं सड्याला मारलं." तो म्हणाला, "नियम मला ठाऊक हाय. उतरवा राहाट."

क्षितिजाने बादलीकडे पाहिलं, मग ओल्या अंगणाकडे. तिचा चेहरा रडवेला झाला. आणि मग कमळीबाय हसायला लागली. दात नसलेल्या तोंडाने, पोट धरून.

"थोडं खारट म्हनते पोर," ती म्हणाली. "बाय, माज्या विहिरीचं पिऊन बघ. तुजी अजून बरी हाय, पीटर. माजी कवाच गेली. नातसुनेला ठाऊक नाय, ती नळाचं पिते. मी रोज रातच्याला देवाला सांगते, मरेपर्यंत कोनाला कळू देऊ नको. मग तुज्या पान्याला खारट कुठल्या तोंडानं म्हनू?"

रॉबर्ट खाकरला.

"माजी दोन पावसाळ्यांमागं गेली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बैठकीत मी कशाला नको म्हनालो? कुत्रा चावरा, म्हनं. माजा कुत्रा आंधळा हाय."

मग धरण फुटावं तसं झालं. देवळाजवळच्याची मचूळ, चर्चमागच्याची मचूळ. पलीकडे टँकरवाले पाणी उपसतात, इकडे गोड्या पाण्याची तळी, बावखलं, बुजवून लोकांनी बंगले बांधले, समुद्र खालून चालत आला. प्रत्येकाला वाटलेलं, आपल्याच विहिरीला दृष्ट लागली. प्रत्येकाने शेजाऱ्यापासून लपवलेलं. गावभर सगळे एकेकटे विहिरीच्या काठावर बसून थुंकत होते.

"तरी माजी सगळ्यांत खारट," रॉबर्ट म्हणाला.

"गप रे. माजी," कमळीबाय म्हणाली.

"कायतरीच काय, बाय. थांब, आनून दाखवतो."

आणि खरंच, गुडघे दुखणारा तो माणूस बांध ओलांडून धावत गेला आणि तांब्या भरून घेऊन आला. कमळीबायने नातवाला पिटाळलं. बघता बघता कठड्यावर तांबे आले, कळशा आल्या, कुणी बाटली आणली. पहिलं पाणी बाजूला राहिलं आणि माणसं एकमेकांच्या विहिरी चाखायला लागली, तोंडं वाकडी करायला लागली, भांडायला लागली. शेवटी पैज रॉबर्टने जिंकली. त्याचं पाणी फादरांना गिळवेना. रॉबर्ट अभिमानाने सगळ्यांकडे बघत होता.

पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर वाजायला लागल्या. सँड्राने विचारलं, "कमळीआजी, मग राहाटाचं काय करायचं? उतरवायचा?"

कमळीबायने राहाटाकडे पाहिलं. हाल्या आपल्या नादात फिरत होता, त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

"गोड्या पान्याची वाट बघत बसलं तर गावात राहाट फिरायचाच नाय," ती म्हणाली. "नियम करनारी मानसं मेली. आता मी म्हातारी. मी म्हनते, फिरू दे. नि आल्यागेल्याला हे सगळं पाजा. गोड म्हनून नको. जसं हाय तसं."

तसंच केलं. तांबे कठड्यावर राहिले. पाहुणे आले, भाकरी खाल्ली, फोटो काढले, आणि प्रत्येकाला क्षितिजाने आधी एकेक घोट पाजला. लोक थुंकायचे, मग थांबून विचारायचे, मग ऐकायचे. टँकर कुठून येतो हे ज्यांच्या बिल्डिंगला ठाऊक नव्हतं ते जरा जास्तच वेळ थांबायचे.

ऊन कलल्यावर पीटर लाटेवर चढून बसला. कृष्णा पुढे हाल्याबरोबर चालत होता. सँड्रा जवळ आली.

"पप्पा, मला कधीच कळलं होतं. पानं थंडीने करपत नाहीत."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही कुठे बोललात?" ती म्हणाली आणि पाहुण्यांकडे गेली.

पीटरने पाय सोडले. केळींच्या पानांतून ऊन गाळून येत होतं, घुमट कुठेतरी लांब वाजत होतं, आणि आस बोलत होती. कुई, कुई. त्याचे डोळे जड झाले. मागे लाटेवर कुणीतरी बसलंय असं त्याला वाटलं, लुगड्याची सळसळ आली, आणि ते गाणंही. ह्या वेळी त्याने मागे वळून पाहिलं नाही. डोणीजवळून जाताना त्याने वाकून ओंजळ भरली.

पाणी खारटच होतं. त्याने ते तोंडात जरा खेळवलं आणि गिळलं.